एका डोळ्याचे ग्रेडर

दूध उतू जाण्याच्या बेतात होतं. मी पकडीनं पातेलं धरलं आणि उचलणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "सुनंदा, हालू नको."

घरात साप निघाला असं समजून मी जागच्या जागी थिजले. दूध वर आलं, काठावरून वाकलं आणि शेगडीवर सांडलं. दारात माझे सासरे उभे होते, मान एका बाजूला कलती, नजर पातेल्यावर. साय फाटताना कडेला जरासं निळं दिसतं, ते त्यांना बघायचं होतं. "गेलं," ते म्हणाले आणि निघून गेले. मी ओटा पुसला.

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. गाड्या हलवणं हेच माझं काम. फलाटावर गाडी जरा जास्त वेळ उभी राहिली की मला बेचैन होतं. आणि माझ्याच घरात एक माणूस असा, की जो दिसेल त्याला जागच्या जागी थांबवणार. गॅसवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन जिन्यात आला, त्याला थांबवलं. सिलेंडरच्या लाल रंगावर गंज चढला होता, तो म्हणे बघण्यासारखा होता. गॅसवाला म्हणाला, बाबा, फोटो काढायचा तर लवकर काढा, खांदा मोडायला आला. सासरे म्हणाले, फोटोत लाल खोटा येतो.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामा वैजापूरला एका जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. कापसाच्या ढिगातून चिमूट उचलायची, दोन अंगठ्यांत धरून ओढायची, मग काळ्या छत्रीच्या कापडावर ठेवून बघायची आणि सांगायचं, सुपर, मध्यम की कवडी. कवडी म्हणजे किडका, डागी माल. ते बघत असताना शेतकरी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे असत. उजवा डोळा तरुणपणीच बोराटीच्या काट्यानं गेला होता. जे काही होतं ते डाव्यावर. बाजारात त्यांना 'एका डोळ्याचे ग्रेडर' म्हणत आणि त्या एका डोळ्यावर लोकांचा भरवसा होता.

नोकरी संपली, ते दोघं आमच्याकडे शहरात, छावणीच्या बाजूला राहायला आले, पण ग्रेड देण्याची सवय काही संपली नाही. माझी भाकरी मध्यम. शेजाऱ्यांची नवी गाडी कवडी. माझ्या नवऱ्याची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलाची, ग्रेड मी एकदा विचारली. म्हणाले, "माल आपलाच हाय. काय बोलावं."

रंगीत पेन्सिली त्यांच्या हाती आल्या त्या माझ्या मुलीमुळे. तनुजा शिकायला पुण्याला गेली आणि तिची पत्र्याची पेटी मागं राहिली. मी ती रद्दीत घालणार होते. मामांनी उघडली. सगळ्या पेन्सिली झिजलेल्या, फक्त पांढरी पूर्ण लांबीची, कारण पांढरी कुणी वापरत नाही. त्यांनी ती बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "पांढरं लई बघितलं," म्हणाले, "आता बाकीचं बघू."

त्या दिवसापासून बाकीचं बघणं सुरू झालं. लोकांना चित्र काढायला लेणी लागतात, किल्ला लागतो. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी सुचवलं, की दौलताबाद एवढं जवळ आहे, एखादा दिवस तिथं जाऊन बसा. मामा म्हणाले, "त्यो कुठं पळून चाललाय? ही कांद्याची साल सांजच्याला कचऱ्यात जाईल." आणि त्यांनी कांद्याची साल काढली. खरोखरची साल मी फेकली तेव्हा चुकून मला चित्रच उचलावंसं वाटलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

ओलं गोणपाट. तव्याच्या बुडावरचे जांभळट डाग. रिक्षाच्या फाटक्या सीटमधून बाहेर आलेला पिवळा फोम. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्या दिवशी गल्लीत निळे ड्रम रांगेनं उभे असतात. बायका एकमेकींशी भांडत असतात आणि हे मधोमध स्टूल टाकून बसलेले. कुणी ड्रम सरकवला की यांचं सुरू, "बाई, हालवू नका त्याला." एकदा शेजारच्या मालूबाईंनी ड्रमऐवजी यांनाच स्टुलासकट सरकवलं.

आठवड्यातून दोन-तीनदा ते गुलमंडीला जायचे. तिथं हनीफभाईंचं कापडाचं दुकान आहे. खिशातून पेन्सिली काढायच्या, एकेक तागा उलगडायला लावायचा, कापडावर पेन्सिल आडवी धरून बघायची आणि काहीही न घेता उठायचं. दुसऱ्या कुठल्या दुकानदारानं हात धरून बाहेर काढलं असतं. हनीफभाई चहा मागवायचे. मला एकदा म्हणाले होते, "ताई, गिऱ्हाईक तो रोज आते, कपडा बघणारा माणूस कौन आता?"

आत्याबाईंना हे सगळं बघवत नसे. त्या वैजापूरच्या, बोलायला खणखणीत. आणि सतत हलणारी बाई. जेवतानासुद्धा एक पाय स्वयंपाकघरात. झाडू, सूप, बादली, काही ना काही हातात. जाता-येता मामांना एकेक टोला. "चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, कधी मान वर करून बघितलं नाय. आता कांद्याकडं टक लावून बसत्यात. मी कांदा असते तर नशीब उघडलं असतं माझं."

मामा कधी उलट बोलले नाहीत. घरातल्या प्रत्येकाला त्यांनी थांबवलं, मला, मुलाला, मोलकरणीला, मीटर बघायला आलेल्या माणसाला. आत्याबाईंना एकदाही नाही. मी समजत होते, की त्या थांबणारच नाहीत हे त्यांना माहीत असावं.

मग दिवाळीच्या सुमारास त्यांनी ग्लासातल्या दुधाचं चित्र काढलं. दूध पिवळं. हळद घातल्यासारखं पिवळं. माझा नवरा म्हणाला, मॉडर्न आर्ट आहे. आठवडाभरानं कडीपत्त्याची डहाळी काढली, ती निळी. तेव्हाही तो मॉडर्न आर्टच म्हणाला. मला कलेतलं कळत नाही, पण ज्या माणसानं जन्मभर पांढऱ्यातला डाग शोधला तो दुधाला पिवळं करणार नाही, एवढं कळतं. दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप नेहमीच्या जागेपासून जरा डावीकडे ठेवला. मामांचा हात नेहमीच्या जागी गेला आणि रिकामा मिटला. त्यांनी तो लगेच गुडघ्यावर ठेवून दिला, जणू तिथंच ठेवायचा होता.

मी रजा टाकली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मोतीबिंदू पिकत चालला आहे, लवकर ऑपरेशन करून घ्या. आणखी थांबलात तर अवघड होईल, आणि डोळ्यातलं प्रेशर वाढलं तर ऑपरेशन करूनही उपयोग नाही. बिघडण्याचा धोका अगदी थोडा, पण यांना दुसरा डोळा नाही, तेव्हा तो थोडाही सांगायला हवा. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे जाऊ शकतो? डॉक्टर म्हणाले, क्वचित. मामा उठले. "मंग नको. जुगार दोन डोळेवाल्यांनी खेळावा."

त्या दिवसापासून घर ताणलेलं राहायला लागलं. मी तारीख घ्यायची आणि मामांनी ती चुकवायची. पहिल्या तारखेला सकाळपासून पोटात दुखायला लागलं. दुसऱ्या तारखेला ते सरळ वैजापूरच्या गाडीत बसून निघून गेले, तेही माझ्याच स्थानकातून, मी पलीकडच्या फलाटावरच्या गाडीची घोषणा करत असताना. कंडक्टरनं दोन दिवसांनी सांगितलं, मॅडम, तुमचे सासरे पुढच्या सीटवर खाली वाकून बसले होते, आम्हाला वाटलं काही हरवलंय.

नवरा म्हणायचा, वडिलांची इच्छा नसेल तर जबरदस्ती कशी करायची. असं म्हणून तो ऑफिसला जायचा. मी मागं राहायचे आणि बघायचे. जिना उतरताना मामा आता पाय आधी पुढे सरकवून पायरी चाचपत. गॅसजवळ जाताना हात पुढे. एके सकाळी तर विझलेल्या शेगडीचं बटण चालू राहिलेलं मला वासावरून कळलं. कुणी केलं ते मी विचारलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, माझ्या हातून राहिलं असेल. त्या दिवशी शेगडीला त्यांनी हातही लावला नव्हता, सकाळपासून गच्चीवर गोधड्या धूत होत्या.

आणि चित्रं मात्र वाढतच होती. पूर्वी आठवड्याला एक, आता दिवसाला एक. हातातून काहीतरी निसटत असल्यासारखे ते काढत सुटले होते.

तिसरी तारीख शुक्रवारची मिळाली. डॉक्टर म्हणाले, ही चुकवलीत तर पुढचं मला विचारू नका. बुधवारी दुपारी मी ड्यूटीवर असताना हनीफभाईंचा फोन आला. "ताई, घाबरू नका, बैठेत ते. लेकिन या जरा."

मी चार्ज सहकाऱ्याला दिला आणि रिक्षानं गुलमंडी गाठली. वाटेत रिक्षावाल्याला दोनदा ओरडले, त्याचा दोष नसताना.

झालं होतं असं. दुकानाच्या पायरीवर उभं असताना मामांना समोर लालभडक काहीतरी दिसलं. कुणीतरी दुकानाबाहेर टांगलेलं कापड आहे असं त्यांना वाटलं. हात वर करून ते रस्त्यावर उतरले आणि म्हणाले, "हालू नका." ते कापड नव्हतं. लाल ताडपत्री घातलेला टेम्पो होता आणि तो त्यांच्याकडे येत होता. ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक दाबला. मामा धक्क्यानं नाही, घाबरून पडले. गुडघा खरचटला होता, चष्म्याची काडी वाकली होती. ड्रायव्हर अजून दुकानासमोर उभा राहून सगळ्यांना सांगत होता, की चालत्या गाडीला हलू नको म्हणणारा माणूस त्यानं पहिल्यांदा बघितला.

मामा गादीवर बसले होते. हातात चहाचा ग्लास, तो पीत नव्हते. हनीफभाईंनी रस्त्यावर सांडलेल्या पेन्सिली गोळा करून रुमालात बांधल्या होत्या. मी रुमाल उघडला. प्रत्येक पेन्सिलीला वरच्या टोकाशी सुती दोरा गुंडाळलेला आणि त्याला गाठी. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. मी हनीफभाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मग हळूहळू सांगितलं, की बरेच महिने मामांना रंग ओळखू येत नाहीत. ते येतात, तागा उलगडायला लावतात, आणि हा कोणता म्हणून विचारतात. हनीफभाई सांगतात, हा मोरपंखी, हा कत्थई. दिवाळीनंतर त्यांनी पेन्सिलींना गाठीही मारून घेतल्या, आता त्या चाचपून तसली पेन्सिल काढतात. "उन्होंने कसम दी थी, ताई. मी काय करू?"

मला राग आला होता आणि तो कुठं काढावा ते कळत नव्हतं. मी मामांच्या समोर बसले आणि बसस्थानकावर हट्टी प्रवाशाला विचारतात तसं विचारलं, की टेम्पोखाली जायची भीती वाटत नाही आणि ऑपरेशनची वाटते, हा कुठला हिशोब.

त्यांनी ग्लास दोन्ही तळव्यांत फिरवला. मग म्हणाले, "मी करणार नाय असं म्हणालो का? थोडं थांबा म्हणालो."

"कशासाठी थांबायचं?"

हनीफभाई उठून दुकानाच्या आतल्या बाजूला गेले, आणि उगीचच ताग्यांची घडी घालायला लागले.

"तुझ्या सासूचं तोंड मला आठवून काढता येत नाय," मामा म्हणाले. "दोनदा बसलो. कुंकू येतं, नाकातली मुरणी येते. बाकी येत नाय. अंधारात कामावर जायचो, अंधारात यायचो. ती ताट वाढायची, मी ताटाकडं बघायचो. शेतकऱ्याच्या मालात तीळभर डाग दिसायचा मला. घरात बाई हाय ते कधी बघितलंच नाय."

"मग बघा की. घरातच असतात त्या दिवसभर."

"तिला म्हणू कसं? ह्या वयात? थांब, मला तुझं तोंड बघायचंय म्हणून?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "हसंल ती. आन् डोळा गेला तर ऱ्हाऊनच जाईल. म्हणून रोज म्हणायचो, उद्या इचारू, मंग करू आपरेशन."

अख्ख्या गल्लीला जागच्या जागी उभं करणारा हा माणूस. मी त्यांना उठवलं, चष्म्याची काडी सरळ केली आणि बाहेर काढलं. वाटेत रिक्षा थांबवून तुरीच्या हिरव्या शेंगा घेतल्या. थोड्या नाही. हातगाडीवर होत्या तेवढ्या सगळ्या.

गुरुवारी दुपारी मी त्या शेंगांचा ढीग गॅलरीत ओतला आणि आत्याबाईंना सांगितलं, की माझ्या स्थानकावर सगळ्यांना सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, द्यायचे कबूल केलंय, आजच सोलून पाहिजेत, आणि मला वेळ नाही. आत्याबाईंनी ढिगाकडे बघितलं. "येडी झालीस का गं? एवढ्या शेंगा? साऱ्या मराठवाड्याला आमटी घालायची का?" पण काम समोर पडलेलं असताना उठून जाणं त्यांच्या रक्तात नाही. मांडी घालून बसल्या. ऊन नेमकं गॅलरीत येत होतं.

मी मामांना हाताला धरून आणलं, समोर स्टूल टाकलं, मांडीवर पाटी आणि कागद ठेवला. आत्याबाईंनी मान वर केली. "आता ह्या शेंगांचं चित्र काढणार व्हय?"

"व्हय," मामा म्हणाले, "शेंगांचं."

मी स्वयंपाकघरात गेले. तिथून गॅलरी दिसते. मामा आधी लांबून बघत होते. मग स्टूल पुढे ओढलं. मग आणखी पुढे. शेवटी ते स्टुलावरून खालीच उतरले आणि त्यांचा चेहरा आत्याबाईंच्या चेहऱ्यापासून वीतभर राहिला. आत्याबाई बोलत होत्या, तूर किती किडकी आलीय, सुनेला भाव करता येत नाही, घरात एकाचं डोकं ठिकाणावर नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज उतरत गेला. मग थांबला. हात चालू राहिले.

मामांनी पेन्सिल उचललीच नाही. कागद कोराच होता. ते आत्याबाईंना दिसत होतं, त्यांचे डोळे चांगले आहेत.

शेंगा संपल्या. मला वाटलं, आता उठतील. आत्याबाईंनी टरफलांच्या ढिगात हात घातला, एक रिकामं टरफल उचललं, ते नखानं सावकाश उघडलं आणि बाजूला ठेवलं. मग दुसरं. उन्हाचा पट्टा गॅलरीच्या कठड्यावर चढेपर्यंत त्या रिकामी टरफलं सोलत बसल्या होत्या. मी भांडी घासायचा आवाज करत राहिले, म्हणजे कुणी बघतंय असं त्यांना वाटू नये.

शुक्रवारी मामा माझ्या आधी तयार होऊन चप्पल घालून बसले. ऑपरेशनला फार वेळ लागला नाही, पण बाहेरच्या बाकावर तो बराच वाटला. माझा नवरा येरझाऱ्या घालत होता. आत्याबाई एका जागी बसल्या होत्या. हातात काही नाही. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं. एकदाच त्यांनी विचारलं, "येईल ना गं?" मी म्हणाले, येईल. मला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी पट्टी काढायची होती. डॉक्टरांनी मामांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, चिकटपट्टी हळूहळू सोडवली, औषधाचे थेंब घातले आणि डोळा उघडायला सांगितलं. मामांनी तो उघडला. पाणी आलं. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. चेहऱ्यावर काहीच नाही. हातातल्या पिशवीचे बंद मी घट्ट पिळत होते.

डॉक्टरांनी त्यांच्या नाकासमोर बोटं धरली. "बाबा, सांगा, किती बोटं?"

डॉक्टरांनी हात जरा जवळ नेला आणि पुन्हा विचारलं. नवऱ्यानं माझा दंड धरला. मामांनी मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. डॉक्टरांच्या मागं, खिडकीपाशी, आत्याबाई डब्याचं झाकण उघडायला बघत होत्या. ते घट्ट बसलं होतं आणि त्या त्याला दबक्या आवाजात शिव्या घालत होत्या. इकडे काय चाललंय याचं त्यांना भान नव्हतं.

"डॉक्टरसाहेब," मामा म्हणाले, "जरा बाजूला व्हा."

डॉक्टर बाजूला झाले.